बँडविड्थचं बिल आणि पैठणीचे फोटो: वेबसाइटवरच्या चित्रांचं वजन कसं उतरवायचं

दिवाळीला बारा दिवस उरले होते आणि येवल्याहून मावशीचा फोन आला. "अरे, साइट उघडतच नाहीये. नुसतं पाचशे नऊ का काय ते येतंय." मावशी पैठण्या विकते, आणि तिचा खरा धंदा याच पंधरवड्यात होतो. साइट मीच बनवून दिली होती, त्यामुळे खापर फोडायला दुसरं कोणी नव्हतं.

५०९ म्हणजे 'बँडविड्थ लिमिट एक्सीडेड'. हा कोड इंटरनेटच्या अधिकृत यादीत नाही, पण सीपॅनेलवाल्या (साइट सांभाळायचं तयार पॅनेल देणाऱ्या) होस्टिंगवर हमखास भेटतो. तुमचं पान कोणी उघडलं की मजकूर, फाँट, चित्रं असं सगळं सर्व्हरवरून त्याच्याकडे जातं. महिनाभरात असा जेवढा डेटा बाहेर गेला, त्याला होस्टिंगवाले बँडविड्थ म्हणतात. नेमका शब्द 'डेटा ट्रान्सफर', पण बिलावर बँडविड्थच छापलेलं असतं, म्हणून आपणही तेच म्हणू. साध्या प्लॅनमध्ये कोटा संपला की साइट बंद पडते. क्लाउडवर असाल तर बंद पडत नाही, दर जीबीमागे मीटर पळत राहतो. 'अनलिमिटेड' लिहिलेला प्लॅन घेतला असेल तर अटींमध्ये 'फेअर यूज'चं, म्हणजे वापर बेताचाच ठेवा असं सांगणारं कलम आहे का तेवढं बघून ठेवा.

आमचा हिशेब पाचवीतल्या पोरालाही जमला असता. पहिल्या पानावर २४ साड्या. प्रत्येकीचा फोटो मोबाइलमधून निघाला तसाच चढवलेला, सरासरी ४.५ एमबीचा. म्हणजे एक पान १०८ एमबीचं. ५०० जणांनी ते एकेकदा उघडलं की ५४ जीबी, आणि आमचा महिन्याचा कोटा होता ५० जीबी. बघणाऱ्याच्या रोजच्या दीड जीबीच्या पॅकमधून १०८ एमबी एका पानापायी जात होते ते वेगळंच. बहुतेकांनी पान उघडायची वाटही बघितली नसणार.

त्या रात्री आणि पुढच्या दोन दिवसांत जे केलं ते खाली क्रमाने देतो. हा क्रम मी मुद्दाम धरलाय. नवीन माणूस आधी 'वेबपी चांगलं की एव्हिफ' या चित्रांच्या नव्या फॉरमॅटच्या वादात शिरतो आणि तीन हजार पिक्सेल रुंद फोटो तीनशे पिक्सेलच्या चौकटीत कोंबलेला तसाच राहतो. मीही तेच केलं होतं.

पायरी १: आधी मोजा

कॉम्प्युटरवर क्रोममध्ये तुमची साइट उघडा आणि एफ १२ दाबा. उजवीकडे किंवा खाली एक खिडकी उघडेल, तिच्यात 'नेटवर्क' टॅबवर जा. 'डिसेबल कॅश'वर टिक करा, नाहीतर आधीच येऊन पडलेली चित्रं मोजली जाणार नाहीत आणि आकडा उगाच गोड दिसेल. मग पान रिफ्रेश करा, सावकाश तळापर्यंत सरकवत न्या, वरच्या फिल्टरमध्ये फक्त इमेज निवडा आणि 'साइझ'च्या रकान्यावर क्लिक करून मोठ्या फाइल वर आणा. सगळ्यात खालच्या पट्टीत एकूण किती डेटा आला तेही दिसतं. हे आकडे कागदावर लिहून ठेवा, शेवटी लागतील.

दुसरी जागा म्हणजे होस्टिंगचं पॅनेल. सीपॅनेलमध्ये 'बँडविड्थ' आणि 'एडब्ल्यूस्टॅट्स' अशी दोन पानं असतात. एडब्ल्यूस्टॅट्समध्ये कुठली फाइल किती वेळा गेली ते कळतं, आणि माणसं किती नि बॉट (आपोआप साइट चाळणारे प्रोग्रॅम) किती तेही. तिथे एखादंच चित्र वारेमाप मागवलं गेलेलं दिसलं तर दुसऱ्या कुणी आपल्या सर्व्हरवरचा फोटो परस्पर स्वतःच्या साइटवर लावलेला असण्याची शक्यता असते. फोटो त्यांच्या पानावर, बिल आपल्या नावावर. सीपॅनेलमधलं 'हॉटलिंक प्रोटेक्शन' यासाठीच आहे, सुरू करून टाका.

पायरी २: माप कमी करा

सगळ्यात मोठी बचत इथे होते, म्हणून इथे जरा थांबू.

मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा उभा फोटो ३००० पिक्सेल रुंद आणि ४००० पिक्सेल उंच असतो. एकूण १ कोटी २० लाख पिक्सेल. मावशीच्या साइटवर फोनवर दोन साड्या शेजारी दिसतात, म्हणजे एका फोटोला जागा मिळते साधारण १८० पिक्सेलची. आता हे १८० म्हणजे ब्राउझरच्या हिशेबातले पिक्सेल. आजच्या फोनच्या पडद्यावर त्या प्रत्येकाच्या जागी आडवे दोन किंवा तीन खरे पिक्सेल बसतात. तिप्पट धरली तरी ५४०. कॉम्प्युटरवर चौकट ३०० ची, दुपटीने ६००. म्हणजे यादीतल्या फोटोला ६०० पिक्सेल रुंदी पुरे.

६०० गुणिले ८०० म्हणजे ४ लाख ८० हजार पिक्सेल. अजून क्वालिटीला हात लावलेला नाही, फॉरमॅट बदललेला नाही, तरी पिक्सेल २५ पटींनी कमी झाले. फाइल बरोबर २५ पटींनीच लहान होईल असं नाही, पण उतार मोठा असतो.

एक गैरसमज इथेच मिटवतो. एचटीएमएलमध्ये किंवा पेज बिल्डरमध्ये चित्राचा कोपरा धरून ते लहान केलं की फाइल लहान होत नाही. फाइल तेवढीच्या तेवढी येते, ब्राउझर ती आल्यावर लहान करून दाखवतो. पैसे पूर्ण फाइलचे लागतात.

एखाद-दुसरा फोटो असेल तर 'स्क्वूश' वापरा. गुगलच्या क्रोम टीमने २०१८ मध्ये काढलेलं हे साधन ब्राउझरमध्येच चालतं, फोटो कुठल्याही सर्व्हरवर जात नाही. 'रिसाइझ' सुरू करायचं, रुंदीत ६०० लिहायचं, उंची ते आपोआप काढतं. पन्नास-शंभर फोटो असतील तर विंडोजवर 'इरफानव्ह्यू'चं बॅच कन्व्हर्जन किंवा कुठल्याही मशीनवर 'एक्सएनकन्व्हर्ट' बरं पडतं. फोल्डर दाखवा, रुंदी सांगा, चहा टाका.

साडी घेणारी बाई काठ जवळून बघितल्याशिवाय घेत नाही. म्हणून प्रत्येक साडीचा दुसरा, १६०० पिक्सेलचा फोटो ठेवला, पण तो फोटोवर बोट ठेवल्यावरच मागवला जातो. जो बघेल त्याच्यापुरताच खर्च.

वर्डप्रेसवाल्यांचं यातलं बरंच काम आपोआप होतं. फोटो चढवला की तो वेगवेगळ्या मापांच्या प्रती बनवतो, आणि ४.४ आवृत्तीपासून (डिसेंबर २०१५) कुठल्या पडद्याला कुठली प्रत घ्यायची ते ब्राउझरला निवडू देतो. ५.३ पासून (२०१९) २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो तेवढ्यावर आणूनच वापरला जातो. तरी फोटो टाकताना 'फुल साइझ' निवडायची सवय असेल तर ती मोडा. काही थीम आणि गॅलरी प्लगइन ही सोय बाजूला सारून मोठीच प्रत मागवतात, त्यामुळे पहिल्या पायरीतली मोजणी वर्डप्रेसवरही करायचीच.

मधेच व्हॉट्सअ‍ॅपबद्दल

मावशीने सुरुवातीच्या काही साड्यांचे फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच लहान करतं आणि जेपेगमध्ये पुन्हा दाबतं. मग मी तो पुन्हा दाबला, पुढे साइटच्या प्लगइनने तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी थोडा तपशील जातो आणि गेलेला परत येत नाही. जरीची वीण पिठासारखी दिसायला लागली. तेव्हापासून तिला सांगून ठेवलंय, "मावशी, फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव." मूळ फाइल तशीच्या तशी येते. मूळ फोटोंचं एक फोल्डर वेगळं ठेवा, त्यावर कधी काही सेव्ह करू नका, आणि लहान प्रत लागली की दर वेळी तिथूनच बनवा.

आयफोनवरून आलेले फोटो बऱ्याचदा 'हीक' फॉरमॅटमध्ये असतात. बहुतेक ब्राउझरना ते दाखवता येत नाहीत, आधी जेपेगमध्ये बदलून घ्या.

पायरी ३: क्वालिटीची सरकपट्टी

जेपेग १९९२ पासून टिकून आहे त्याला कारण आहे. ते चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं, प्रत्येक चौकोनात ठळक चढउतार किती आणि बारीक थरथर किती ते वेगळं काढतं, आणि आपल्या डोळ्याला जाणवणार नाही अशी बारीक थरथर टाकून देतं. किती टाकायची ते क्वालिटीचा आकडा ठरवतो. हा आकडा टक्केवारी नव्हे. १०० ठेवलं तरी ते मूळ चित्र नसतं, फक्त फाइल अवाढव्य होते. ८० आणि १०० मधला फरक डोळ्याला शोधूनही सापडत नाही, फाइलच्या वजनात मात्र तो दोन-तीन पट किंवा जास्तही असू शकतो.

फोटोसाठी जेपेगमध्ये ७५ ते ८२ यांच्यात कुठेतरी थांबा. वर्डप्रेसची स्वतःची ठरलेली क्वालिटी जेपेगसाठी ८२ आहे. वेबपी आणि एव्हिफचे आकडे या आकड्यांशी जुळत नाहीत. एव्हिफचं ५० बघून घाबरू नका, ते खराब असेलच असं नाही.

स्क्वूशमध्ये मधली रेघ डावी-उजवीकडे सरकवून मूळ आणि दाबलेला फोटो एकावर एक बघता येतो. बघायचं कुठे, हे महत्त्वाचं. साडीच्या सपाट अंगात ४० क्वालिटीलाही काही कळत नाही. मी पदरावरच्या बांगडी-मोरावर शंभर टक्के झूम करून बघतो. ४० वर मोराची मान पसरते आणि काठ जिथे अंगाला भिडतो तिथे डास बसल्यासारखे ठिपके दिसतात. ६० वर ठिपके विरळ होतात. ७८ वर मला फरक सांगता आला नाही, मावशीला विचारलं, तिलाही नाही. मग ७८.

पण एक साडी काही केल्या जमेना. गडद गुलाबी अंग, हिरवा काठ. क्वालिटी थोडी वाढवली तरी दोन रंगांची सीमा फिसकटलेली, गुलाबी हिरव्यात उतरल्यासारखा. धुताना रंग गेलेली साडी कोण घेईल? कारण असं निघालं: आपला डोळा उजेड-अंधाराला जितका तीक्ष्ण, तितका रंगाला नाही. म्हणून बहुतेक साधनं रंगाची माहिती आडवी-उभी दोन्हीकडे निम्मी करून ठेवतात. उजेडाची चौकट बारीक राहते, रंगाची जाडी होते. माणसांचे चेहरे, डोंगर, जेवणाचं ताट यांत ते कळत नाही. दोन भडक रंग एका रेघेवर भिडले की लगेच कळतं. स्क्वूशमध्ये 'मोझजेपेग' (जेपेग बनवायचा एक प्रकार) निवडून प्रगत सेटिंगमध्ये क्रोमा सबसॅम्पलिंगचं, म्हणजे याच रंग निम्मा करण्याचं 'ऑटो' काढलं आणि आकडा १ केला, तेव्हा सीमा सुरीने कापल्यासारखी आली. फाइल थोडी वाढली, पण ती एका साडीपुरती. साधा लॉसी (तपशील टाकून देणारा) वेबपी रंग नेहमी असाच निम्मा ठेवतो, त्यात ही कळ नाही. त्यामुळे असल्या फोटोला जेपेग किंवा एव्हिफच बरं.

पायरी ४: आता फॉरमॅट

फोटोला जेपेग, वेबपी किंवा एव्हिफ. लोगो, रेषाचित्र, नकाशा यांना एसव्हीजी (पिक्सेलऐवजी रेषा-आकार लिहून ठेवणारा फॉरमॅट), ते नसेल तर पीएनजी. इतकं पाळलं तरी पुष्कळ झालं.

सर्वात जास्त दिसणारी चूक म्हणजे फोटो पीएनजीमध्ये ठेवणं. डिझाइनच्या साधनातून डाउनलोड करताना पुष्कळदा पीएनजीच आधी निवडलेलं असतं, स्क्रीनशॉटही पीएनजीच येतो. पीएनजी काहीही टाकून देत नाही, म्हणून फोटोला ते कित्येक पट जड पडतं. सपाट रंगांच्या लोगोला मात्र तेच योग्य, आणि त्यातही रंग २५६ वर आणले तर फाइल आणखी उतरते. लोगो कोरलमध्ये काढलेला असेल तर डिझायनरकडून थेट एसव्हीजी मागून घ्या, काही केबीत काम होतं आणि कितीही मोठा केला तरी फाटत नाही.

वेबपी गुगलने २०१० मध्ये आणलं. तेवढ्याच दर्ज्याच्या जेपेगपेक्षा ते २५ ते ३४ टक्के लहान पडतं असं गुगल सांगतं. माझ्या साड्यांवर कधी तेवढं उतरलं, कधी नाही. सफारीने ते २०२० मध्ये स्वीकारलं, त्यामुळे आता बेधडक वापरा. एव्हिफ त्याहून लहान होतं, पण बनवायला वेळ घेतं आणि सफारीत २०२२ पासूनच चालतं. जुने आयफोनवाले गिऱ्हाईक असतील तर 'पिक्चर' टॅगमध्ये आधी एव्हिफ, मग वेबपी, शेवटी जेपेग असं लिहा. ब्राउझर वरून बघत येतो आणि त्याला जमेल ती एकच फाइल घेतो.

हलणारा जिफ दिसला तर त्याचा एमपीफोर व्हिडिओ करा. याहून सोपी बचत नाही.

पायरी ५: अक्षरं चित्रात घालू नका

मराठी साइटवर हे दुखणं जुनं आहे. पूर्वी फाँट दिसेल की नाही याची खात्री नसायची, म्हणून अख्खी सूचना चित्र करून लावत. आता प्रत्येक फोनवर युनिकोड देवनागरी दिसतं, तरी दिवाळीची ऑफर अजून पोस्टरच्या रूपातच चढते. मावशीचं पोस्टर १.८ एमबीचं होतं. त्यावर चाळीसेक शब्द. देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइटचं धरलं तरी ते चाळीस शब्द १ केबीच्या आसपास बसतात. शिवाय जेपेगमधल्या अक्षरांच्या शिरोरेषेभोवती धुरळा उडतो, पिवळ्यावर लाल अक्षरं असतील तर मघाचा रंग निम्मा होण्याचा त्रास इथेही, आणि गुगलला त्यातलं वाचून शोधात दाखवणं अवघड जातं. पार्श्वभूमीला कंदिलाचं हलकं चित्र ठेवलं आणि मजकूर वर टाइप केला. पोस्टर करायचंच असेल तर ते पीएनजी करा किंवा जेपेग घेऊन सबसॅम्पलिंग बंद ठेवा.

पायरी ६: फोटोत दडलेली माहिती

मोबाइलच्या फोटोत कॅमेऱ्याचं नाव, वेळ आणि लोकेशन सुरू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशसुद्धा असतात. वजन फार नसतं, पण मावशी फोटो घराच्या गच्चीत काढते आणि घराचा पत्ता साड्यांबरोबर वाटायची गरज नाही. स्क्वूश ही माहिती काढून टाकतं, इतर साधनांत 'मेटाडेटा काढा' अशी टिक असते. टिक केल्यावर दोन गोष्टी तपासा. फोटो आडवा पडला का, कारण तो उभा धरायची सूचनाही तिथेच लिहिलेली असते. आणि रंग फिके पडले का, कारण रंगांची प्रोफाइल गेली असू शकते. रंग बदलले तर फोटो आधी 'एसआरजीबी'त बदलून घ्या, मग माहिती काढा.

पायरी ७: न मागितलेलं पाठवू नका, पाठवलेलं पुन्हा पाठवू नका

पानाच्या तळाशी असलेली साडी तिथपर्यंत न गेलेल्याला कशाला पाठवायची? इमेज टॅगमध्ये 'लोडिंग'ची किंमत 'लेझी' ठेवली की चित्र पडद्याजवळ आल्यावरच मागवलं जातं. वर्डप्रेस हे ५.५ पासून स्वतः करतं. फक्त पान उघडताच दिसणाऱ्या पहिल्या मोठ्या चित्राला ते लावू नका, ते उशिरा उमटतं आणि साइट मंद वाटते. प्रत्येक चित्राची रुंदी-उंची टॅगमध्ये लिहा, नाहीतर चित्र येताना खालचा मजकूर उड्या मारतो.

एवढं करून पहिलं पान पुन्हा मोजलं. यादीतला एक फोटो सरासरी ८० केबी, २४ फोटो मिळून १.९ एमबी. ५०० जणांचे झाले ९६० एमबी. होस्टिंगवाल्याकडून पुढचा प्लॅन घ्यायला मेल येऊन पडलं होतं, ते तसंच ठेवलं. त्या महिन्याचा जादा कोटा मात्र विकत घ्यावा लागला.

शेवटचं काम कॅशिंगचं. सर्व्हरला सांगता येतं की हे चित्र एकदा गेलं की ब्राउझरने ते वर्षभर स्वतःकडे ठेवावं, परत मागू नये. सर्व्हर फाइलबरोबर ज्या सूचना पाठवतो त्यांतल्या 'कॅश-कंट्रोल' या हेडरमध्ये 'मॅक्स-एज' ३१५३६००० लिहायचं, तेवढे सेकंद म्हणजे ३६५ दिवस. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये किंवा कॅशिंगच्या प्लगइनमध्ये याची सोय असते. पुढे क्लाउडफ्लेअरसारखं सीडीएन (साइटच्या फाइलींच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा) लावलं तर चित्रं तुमच्या सर्व्हरऐवजी त्यांच्याकडच्या प्रतीतून जातात आणि होस्टिंगचा कोटा आणखी वाचतो. त्यांचा फुकट प्लॅन लहान साइटला पुरतो.

हे लावून मी निवांत झालो. आठ दिवसांनी एक हिरवी पैठणी विकली गेली, तिच्या जागी जांभळी टाकायची होती. मी नवीन फोटो जुन्याच नावाने चढवला. तासाभरात मावशीचा फोन. "अरे, जांभळी लिहिलंयस नि हिरवीच दिसतेय. एका बाईंनी हिरवीचे पैसेपण पाठवले." तिच्या फोनने आणि त्या बाईंच्याही फोनने माझं सांगणं अगदी इमानदारीने पाळलं होतं, फाइल वर्षभरासाठी जपून ठेवली होती. तेव्हापासून फोटो बदलला की फाइलचं नाव बदलतं, शेवटी दोन, तीन, चार असा आकडा लावून. त्या बाईंना मावशीने हिरवी विणून दिली, दीड महिन्याने.